उसना जीव

दिवाळी अंकात व्हिडीओ गेमवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची मला कल्पना आहे. आमच्या घरातही हा शब्द कधी कौतुकाने उच्चारला गेला नाही. 'डबडे' हे त्याचे घरगुती नाव. 'ते डबडे बंद कर आणि शुभंकरोती म्हणायला ये,' हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की आज चाळिशी ओलांडल्यावरही टीव्हीसमोर रिमोट हातात घेतला की कोणीतरी मागून हाक मारील असे वाटते.

माझे माहेर इंदूरचे. वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बेळगावला आले. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी अशी पहिली अर्धी जिंदगी. घरात मराठी आणि रस्त्यावर कानडी अशी दुसरी. दोन्ही गावांत हे डबडे माझ्याबरोबर होते. कपाटाच्या खालच्या खणात आज माझ्याकडे पाच जुनी यंत्रे आणि साठ-सत्तर कॅसेटी आहेत. ज्या खेळांवर आपल्या पिढीने इतक्या सुट्ट्या घालवल्या, त्यांचा इतिहास अमेरिकेत आणि जपानमध्ये नीट लिहिला गेला आहे. आपल्याकडे तो कोणी लिहिला नाही, कारण ते डबडे होते. मी इतिहासकार नव्हे. पण खेळलेली आहे, आणि या विषयावर माझी काही ठाम मते आहेत. ती कशी बनली हे सांगायचे तर आजोळापासून सुरुवात करावी लागेल.

गौतमपुऱ्याचा पाडवा

आजोळ गौतमपुऱ्याचे. इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसिलीतले हे गाव. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव त्याला मिळाले. मामा तिथे शाळेत मास्तर होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मीटर गेजच्या गाडीने गौतमपुरा रोड स्टेशनावर उतरत असू आणि तिथून मिळेल त्या वाहनाने गावात.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, संध्याकाळी तिथे हिंगोटाचे युद्ध होते. हिंगोट म्हणजे आपल्याकडे ज्याला हिंगण किंवा हिंगणबेट म्हणतात त्या काटेरी झाडाचे फळ. लिंबाएवढे, टणक कवचाचे. त्याचा गर कोरून काढतात, कवच वाळवतात, आत दारू ठासतात, तोंड पिवळ्या मातीने बंद करतात आणि दिशा धरावी म्हणून बांबूची काडी बांधतात. पाडव्याच्या आधी कित्येक आठवडे घरोघर हे काम चालते. मग देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेऊन दोन दळे मैदानात समोरासमोर उभी राहतात. डोक्याला साफा, एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी आणि दुसऱ्या हातात जळते लाकूड. वात पेटवायची आणि समोरच्यावर फेकायचे. अंधार पडेपर्यंत आकाशात आगीच्या रेघा उमटत राहतात.

या दोन दळांची नावे मराठी माणसाला चमकवून जातील. गौतमपुऱ्याचे दळ 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजी गावाचे 'कलगी'. आपल्या शाहिरीतला कलगी-तुरा तो हाच. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले, शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले आणि रात्र रात्र चालणारे सवालजबाब. राजस्थान आणि माळव्यातही तुर्रा-कलगीचे ख्याल रंगत. चंदेरीच्या राजाने दोन संतकवींचा सवालजबाब ऐकून एकाला मुकुटावरचा तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी दंतकथा तिकडे सांगतात. आपल्याकडे या नावांनी डफावर थाप पडली, गौतमपुऱ्यात आगीचे गोळे उडाले.

या युद्धात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. निकाल लागत नाही. झोळ्या रिकाम्या झाल्या की दोन्ही गावांचे लोक एकमेकांना भेटून घरी जातात. मुली आणि बायका गच्चीवरून पाहतात. मीही गच्चीवरूनच पाहिले.

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. १९९३ साली अठरा वर्षांचा होऊन तो पहिल्यांदा तुऱ्याच्या दळात उतरला. त्याच वर्षी बाबांनी बोनसमधून मला टीव्ही गेम घेऊन दिला होता आणि तो पिशवीत घालून मी आजोळी नेला होता. संध्याकाळी दादा मैदानावरून काळ्या तोंडाने परत आला, आंघोळ करून जेवला आणि रात्री एकपर्यंत माझ्याबरोबर 'कॉन्ट्रा' खेळला. अकरा वर्षांच्या मुलीला याहून भाग्य ते कोणते?

पुढच्या वर्षी, १९९४ च्या पाडव्याला, त्याची ढाल क्षणभर खाली आली. एक हिंगोट डाव्या हाताच्या मुठीवर येऊन फुटले. हात वाचला, पण अंगठा कायमचा ताठ झाला.

नाण्यामागे तीन जीव

आता जरा दूर जाऊ. टीव्हीच्या पडद्यावर खेळता येते ही कल्पना कोणाची, यावर जाणकारांत वाद आहेत, पण दोन नावे टाळता येत नाहीत.

पहिले विल्यम हिगिनबॉथम. दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ लॉस अलामॉसला अणुबाँबच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात काम करीत होते. पुढे अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध ते आयुष्यभर बोलत राहिले. ऑक्टोबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, पाहुणे कंटाळू नयेत म्हणून त्यांनी ऑसिलोस्कोपच्या छोट्या गोल पडद्यावर टेनिस मांडले. एक जाळी, एक ठिपका आणि दोन माणसांसाठी दोन पेट्या. लोकांनी रांगा लावल्या. बाँबच्या माणसाने पाहुण्यांसाठी खेळ केला, ही गोष्ट मला हिंगोटाची आठवण देते. दारू तीच, उपयोग निराळा.

दुसरे राल्फ बेअर. जर्मनीत जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३८ मध्ये कुटुंबासह जीव वाचवून अमेरिकेला पोचला. १९६६ मध्ये त्याच्या मनात आले की घरोघरच्या टीव्हीचा उपयोग नुसता पाहण्यापलीकडे करता येईल. त्यातून १९७२ मध्ये 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे पहिले घरगुती यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता. रंग नव्हते, रंगीत चित्राची पारदर्शक प्लॅस्टिकची चादर टीव्हीच्या काचेवर चिकटवायची आणि तिच्यामागे पांढरे ठिपके हलवायचे. खोक्यात सोंगट्यांच्या खेळासारखे फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही होत्या. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे हे यंत्र गुण मोजत नसे. कोण जिंकले हे खेळणाऱ्या दोघांनी आपसात ठरवायचे. जवळजवळ गौतमपुराच म्हणा.

त्याच वर्षी नोलन बुशनेल याने ओडिसीवरचे टेनिस पाहिले आणि त्याच्या अटारी कंपनीने 'पाँग' काढला. ॲल ॲलकॉर्न या तरुण इंजिनियराने बनवलेले पहिले यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावातल्या एका मद्यालयात ठेवले. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. ॲलकॉर्न पाहायला गेला तर बिघाड कसलाच नव्हता, नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. पुढे नकलेच्या आरोपावरून खटला झाला आणि १९७६ मध्ये तडजोड. जगातल्या पहिल्या गाजलेल्या व्हिडीओ गेमवर नकलेचा शिक्का होता, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

नाणे आले आणि खेळाचा स्वभाव बदलला. ओडिसीवर दोन भावंडे रात्रभर खेळली तरी कोणाचे नुकसान नव्हते. पण दुकानातल्या यंत्रासमोर एक मुलगा तासभर उभा राहिला तर मालकाचे नुकसान. म्हणून एका नाण्याला मर्यादा हवी. पिनबॉलच्या यंत्रात एका नाण्याला ठरावीक चेंडू मिळत. तोच हिशेब पडद्यावर आला आणि चेंडूंचे 'जीव' झाले. सहसा तीन. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यात परग्रहावरचे सैनिक मरत जातात तसे उरलेले अधिक वेगाने धावतात. खरे तर यंत्राची गणित करण्याची ताकद अपुरी होती. पडद्यावर गर्दी असली की ते हळू चाले, गर्दी कमी झाली की पळत सुटे. निशिकादोंनी तो दोष तसाच ठेवला, कारण खेळ कठीण होत होता. कठीण खेळ म्हणजे लवकर जाणारे जीव, आणि लवकर जाणारे जीव म्हणजे पुढचे नाणे.

या खेळांना जुगार म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. पिनबॉलला न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये जुगार म्हणून बंदी घातली होती. ती १९७६ मध्ये उठली, तीही एका खेळाडूने नगरसभेच्या लोकांसमोर खेळून हे नशिबाचे नव्हे, कौशल्याचे काम आहे असे दाखवून दिल्यावर.

क्योटोची पाने, सावंतवाडीची पाने

घरगुती यंत्रांची गोष्ट पुढे वेगाने सरकते. १९७६ मध्ये जेरी लॉसन या कृष्णवर्णीय इंजिनियराच्या देखरेखीखाली, बदलता येणाऱ्या कॅसेटचे 'चॅनल एफ' हे यंत्र तयार झाले. १९७७ मध्ये अटारीने तीच युक्ती घराघरांत पोचवली. मग लोभ शिरला. वाईट खेळांचा पूर आला. 'ई.टी.' चित्रपटावरचा खेळ एका माणसाकडून पाच आठवड्यांत लिहून घेतला गेला, आणि न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या कॅसेटी १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी कचऱ्यात पुरल्या. २०१४ मध्ये खोदकाम करून त्या बाहेर काढल्या गेल्या, तेव्हा मी बेळगावात मुलाला झोपवता झोपवता ती बातमी वाचली होती. अमेरिकेतला धंदा बसला. तो उठवला जपानच्या निन्टेन्डोने.

निन्टेन्डो ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात सुरू झाली, ती 'हानाफुदा' नावाची फुलांची पाने बनवण्यासाठी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात पत्ते नेले. पत्त्याला जपानी भाषेत 'कारुता' म्हणतात तो पोर्तुगीज शब्द. पत्त्यांवर जुगार चाले म्हणून राज्यकर्ते बंदी घालत आणि लोक चित्रे बदलून नवी पाने काढत. त्यातून ही फुलांची पाने आली. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना इथे सावंतवाडी आठवावी. लाखेने चमकवलेली, हाताने रंगवलेली गोल गंजिफा. दशावतारी गंजिफेची एकशेवीस पाने, प्रत्येक अवताराची बारा. एका गावची पाने राजवाड्याच्या आधाराने कशीबशी तगून राहिली, दुसऱ्या गावच्या पानांतून जगभर पोचलेली कंपनी झाली. यात सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा दोष नाही. पण आपण आपल्या खेळांना शोभेची वस्तू करून कपाटात ठेवतो आणि खेळणे थांबवतो, एवढे मात्र मला नेहमी वाटते.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' जपानात विक्रीला आले. मासायुकी उएमुरा यांनी ते बनवले. त्याच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली जी अधिकच्या खुणेसारखी कळ आहे ती गुनपेई योकोई यांची कल्पना. १९८५ च्या सप्टेंबरात शिगेरू मियामोतो यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. हा संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटांत बसतो. आज मोबाइलवर आलेले दिवाळीच्या शुभेच्छांचे एक चित्र याहून मोठे असते.

अमेरिकेत हे यंत्र नेताना निन्टेन्डोने आत कुलपासारखी एक चिप बसवली, म्हणजे परवान्याशिवायची कॅसेट चालू नये. मूळ जपानी यंत्रात ते कुलूप नव्हते. म्हणून तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये त्याच्या नकला भराभर निघाल्या आणि अर्ध्या जगात पसरल्या. आपल्या देशात १९९१ पर्यंत परवान्यांचे राज्य. परदेशी यंत्रावर भरमसाट आयातकर. रंगीत प्रक्षेपणच मुळी १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर आलेले. त्यामुळे निन्टेन्डोचे नाव आमच्यापैकी कित्येकांनी ऐकले नव्हते. आम्हाला ठाऊक होते 'सामुराय', 'लिटल मास्टर' आणि नंतरची बिननावाची यंत्रे. राजवाड्यामागच्या दुकानात बाबांनी जे घेतले त्याच्या खोक्यावर एका कंपनीचे चित्र, यंत्रावर दुसरीचे नाव आणि कॅसेटवर '९९९९ इन १' अशी घोषणा होती. प्रत्यक्षात सहा-सात खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या पायरीपासून सुरू होणारे. फसवणूक खरी, पण ते सहा-सात खेळ जगातल्या उत्तम खेळांपैकी होते. ते बनवणाऱ्यांना आमच्याकडून एक पैसाही मिळाला नाही, हेही मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

शिष्टमंडळी विचारतात, नकलेचा कसला इतिहास? मी त्यांना पाँगचा खटला सांगते.

आणखी एक गोष्ट. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी किंवा जपानी असत आणि आम्हाला दोन्ही येत नव्हत्या. त्यामुळे खेळाची भाषा आम्हीच केली. इंदूरला मुले म्हणत, 'मेरी एक जान बची है.' घरात आई ऐकत असली की मी म्हणे, 'एकच जीव राहिलाय.' बेळगावला आले तेव्हा शेजारच्या कानडी घरातला मुलगा माझ्या मुलाबरोबर खेळायला येई. कानडीतही जीवाला जीवच म्हणतात. त्या दोघांना एकमेकांची बाकी भाषा यायला वर्ष लागले, हा शब्द पहिल्या दिवशी आला.

तीस जीव आणि एक अंगठा

घरगुती यंत्राला नाणे लागत नाही. पण नाण्याच्या काळातली सवय खेळांत उरली होती. तीन जीव, की खेळ खलास. यावर उपाय काढला तो खेळ बनवणाऱ्या एका कारागिरानेच. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा खेळ फॅमिकॉमसाठी तयार करीत होते. तो तपासण्यासाठी शेवटपर्यंत खेळावे लागे आणि ते त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी कळांचा एक गुप्त क्रम आत ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. तो क्रम काढायचा राहून गेला. १९८८ च्या 'कॉन्ट्रा'त हाच क्रम दाबला की तीनाऐवजी तीस जीव मिळत. हा मंत्र कोणत्याही पुस्तकाशिवाय, तोंडी, गौतमपुऱ्यापर्यंत पोचला होता. दादाला तो मित्राने शिकवला, मला दादाने.

कॉन्ट्रा दोघांनी एकाच वेळी खेळायचा. त्यात एक सोय होती. एकाचे जीव संपले आणि दुसऱ्याचे शिल्लक असले, तर संपलेल्याला जोडीदाराचा एक जीव उसना घेता येई. यावरून घरोघर भांडणे झाली असतील. आमच्याकडेही झाली. मी विचारल्यावाचून दादाचे जीव घ्यायचे आणि तो 'अगं बेबी, भीक मागतेस की दरोडा घालतेस?' म्हणून ओरडायचा.

१९९५ च्या दिवाळीत मी यंत्र घेऊन गेले तेव्हा दादा खेळायला बसला नाही. डाव्या अंगठ्याची ती अधिकची कळ त्याला दाबता येईना. दोन दिवस तो नुसता पाहत बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन म्हणाला, 'बाण तू सांभाळ, गोळ्या मी सांभाळतो.' एकच रिमोट, माझा डावा हात आणि त्याचा उजवा. मी पळायचे, त्याने उडी मारायची आणि गोळी झाडायची. पहिल्या दिवशी आम्ही पहिल्या धबधब्यातच पडलो. सुट्टी संपेपर्यंत शेवटच्या पायरीपर्यंत पोचलो, आणि तिथे लाइट गेली.

मध्य प्रदेशातल्या त्या वर्षांच्या भारनियमनाबद्दल वाचकांना काय सांगावे! आमच्या कॅसेटमध्ये खेळ साठवण्याची सोय नव्हती. 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या १९८७ च्या अमेरिकी कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी बसवलेली होती, तिच्या जोरावर खेळ आठवणीत राही. नाणे टाकून जीव घेण्यापासून नाण्याएवढ्या बॅटरीने प्रवास जपण्यापर्यंत पंधरा वर्षांत मजल गेली, ही मला या इतिहासातली सर्वांत मोठी मजल वाटते. आमच्यापर्यंत ती पोचली नव्हती. लाइट गेली की पहिल्यापासून. मामी कंदील लावायची आणि म्हणायची, 'झालं? आता पानं घ्या.'

पण त्या अंधारात एक गोष्ट मला कळली. तिचे शब्द पुढे सापडले. घरगुती यंत्राचा सारा इतिहास म्हणजे हरणे स्वस्त होत जाण्याचा इतिहास आहे. पडलात? उठा, पुन्हा सुरू करा, कोणी काही मागणार नाही. शाळेत, परीक्षेत, मैदानात ही सवलत आम्हाला कोणी दिली नव्हती. मुलींना तर नाहीच.

नाणे परत आले

आता माझे कडवट मत. आज मोबाइलवर पुन्हा नाणे आले आहे. २०१२ च्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव असतात. संपले की एकेका जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे देऊन विकत घ्या. चित्र रंगीत, संगीत गोड, पण हिशेब सत्तरच्या दशकातल्या यंत्राच्या मालकाचा. आणि त्याच्याही पलीकडे पैसे लावून खेळायचे खेळ आले. त्यांत घरे बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. खेळ आणि जुगार यांच्यातली रेघ न्यूयॉर्कने शोधली, शोगुनांनी शोधली, आता आपण शोधतो आहोत. माझी कसोटी साधी आहे. हरल्यावर जो पुन्हा उठायला मदत करतो तो खेळ. हरल्यावर जो खिशात हात घालायला लावतो तो धंदा.

मग हिंगोट काय? तिथे खिशाला हात लागत नाही, जिंकणेही नाही. पण तिथे जीव एकच. २०१७ मध्ये या युद्धात एका तरुणाचा मृत्यू झाला. दर वर्षी कित्येक जखमी होतात. बंदी आणावी म्हणणारे आहेत आणि ही आमच्या पूर्वजांची देणगी आहे म्हणणारे आहेत. मी गच्चीवरून पाहिलेली मुलगी. माझ्या मताला गावात किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते. व्हिडीओ गेममध्ये मुले गोळ्या झाडतात म्हणून ज्यांनी मला बोल लावले, त्यांनी त्याच आठवड्यात आपल्या मुलांच्या हाती दारूने भरलेली फळे दिली. परंपरा मोडावी असे मी म्हणत नाही. तुर्रा आणि कलगी या नावांनी कधी नुसते सवालजबाबही होत, एवढीच आठवण करून देते. हरलेला माणूस रात्री जेवायला घरी असला पाहिजे. त्याला मी खेळ म्हणते.

कपाटाचा खालचा खण

अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम इतिहासाच्या एका संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितले की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शेकडा सत्त्याऐंशी आज बाजारात कोठेही रीतसर मिळत नाहीत. ही त्यांची स्थिती, ज्यांच्याकडे यादी आहे. आपल्या बिननावाच्या यंत्रांची तर यादीच नाही.

आणि कॅसेट जपली तरी पुरत नाही. बदके मारण्याचा 'डक हंट' आठवतो? बंदुकीचा घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे फक्त जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर जमते. नव्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा आपला रामबाण उपायही खोटाच होता. काम होई ते काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीच्या ओलाव्याने धातूचे दात उलट गंजत. आम्ही प्रेमाने त्यांचा नाश केला.

काही वर्षांपूर्वी पाडव्याला मी मुलाला घेऊन गौतमपुऱ्याला गेले. मामा-मामी आता नाहीत. दादाने माळ्यावरून ट्यूबचा टीव्ही खाली काढून ठेवला होता. त्याचा मुलगा तेव्हा अठराचा, त्याच वयाचा. सकाळपासून त्याने झोळी भरून दाराशी ठेवली होती. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येईना. दादाने मुलाला जा म्हटले नाही आणि नको जाऊस असेही म्हटले नाही. आपल्या ढालीचा पट्टा त्याच्या हाताला बांधला आणि दोनदा ओढून पाहिला. मग स्वतः पाण्याची बादली घेऊन मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी त्या वर्षी गच्चीवर गेले नाही.

आठ वाजता दोघे परत आले. पोराची बाही जळली होती, आत काही नाही. तो आंघोळीला गेला. दादा माझ्या मुलाशेजारी सतरंजीवर बसला, रिमोटवरचा उजवा भाग आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाला, 'चल भिया, बाण तू सांभाळ.' माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला कळांचा तो क्रम सांगितला.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे एखादे डबडे असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी एक करा. यंत्रावर काय लिहिले आहे, कॅसेटवर काय आहे, ते कोणत्या साली, कोणत्या गावात, किती रुपयांना घेतले आणि त्यावर तुमच्याबरोबर कोण खेळत असे, हे एका कागदावर मराठीत लिहून त्याच्याबरोबर ठेवा. एवढाही कागद पुरे. कोणीतरी पुढे इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याला तो लागेल.